आवाज थोडा मोठा हवा

पाठ निरीक्षणाची वही ज्यांनी भरली आहे, त्यांना तिचे रकाने तोंडपाठ असतात. वर छात्राध्यापकाचं नाव, इयत्ता, विषय, घटक, तासिका. खाली प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्न, फलकलेखन, शैक्षणिक साधनं, वर्गनियंत्रण. अगदी तळाला 'सूचना' आणि निरीक्षकाची सही. हा निरीक्षक म्हणजे कोणी साहेब नव्हे. शेजारच्या बाकावर बसणारा, कालच आपल्या डब्यातली चटणी खाल्लेला सोबती. त्याची सूचना बहुधा ठरलेली : 'आवाज थोडा मोठा हवा.' आवाज मुळातच मोठा असेल तर 'फळ्याचा वापर अधिक करावा.' दोन्ही ठीक असेल तर 'पाठ प्रभावी झाला.'

डी.एड.ला होते तेव्हा अशा वह्या मी भरल्या, पुढे बी.एड. कॉलेजात शिकवायला लागल्यावर गठ्ठ्याने तपासल्या, आणि निवृत्तीनंतर करोनाच्या काळात त्याच वहीचा गुगल फॉर्म झालेला पाहिला. हल्ली आमच्या क्षेत्रातले शोधनिबंध चाळले तर ऑनलाइन सहयोगी अध्ययनात छात्राध्यापक एकमेकांना अभिप्राय देतात त्याबद्दल त्यांची अभिवृत्ती काय, हा विषय पुन्हा पुन्हा भेटतो. एक प्रश्नावली, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच पर्याय, शेवटी शिफारशी. वाचणाऱ्याला वाटावं, सोबत्याने सोबत्याच्या शिकवण्यावर बोलायची चाल इंटरनेटबरोबर आली. ती चाल आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. आजची मुलं त्या प्रश्नावलीत जी खूण करतात, तिच्यामागे ही सगळी वर्षं उभी असतात.

सुरुवात करायची तर मद्रासपासून करावी लागते. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा अधीक्षक झाला. तिथल्या पगारी शिक्षकांना नवं काही करायचं नव्हतं. बेलने मलबारी शाळेत मुलं वाळूवर अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्याकडची धूळपाटी ती हीच. त्याने ती पद्धत आपल्या शाळेत आणायचं ठरवलं, शिक्षकांनी नकार दिला, तेव्हा जॉन फ्रिस्किन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या मुलाला त्याने धाकट्यांना शिकवायला बसवलं. मुलगा शिकवू लागला. १७९७ मध्ये बेलने या प्रयोगावर पुस्तिका छापली, पुढच्या वर्षी लंडनच्या साउथवर्क भागात जोसेफ लँकेस्टरने तशीच शाळा काढली, आणि एका मास्तराच्या हाताखाली मॉनिटरांची फौज उभी करून शेकडो मुलं शिकवण्याचं हे तंत्र जगभर गेलं. ते फिरून आपल्याकडेही आलं. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२० च्या दशकात, मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने आपले पहिले मराठी आणि गुजराती शिक्षक याच पद्धतीने तयार केले.

मॉनिटर म्हणजे सोबतीच, पण हातात छडी असलेला. कोण चुकलं ते पाहून मास्तरला सांगणं हे त्याचं काम. सोबत्याने सोबत्याला शिकवावं ही त्यातली गोड बाजू, आणि सोबत्याने सोबत्यावर वरच्या माणसासाठी नजर ठेवावी ही दुसरी. या दोन बाजू आमच्या धंद्यात पुढे कधीच नीट वेगळ्या झाल्या नाहीत.

शिक्षक घडवण्याचे स्वतंत्र वर्ग त्यानंतर निघाले. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या अध्यापकवर्गाची जबाबदारी १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, शिक्षकांचे शिक्षक म्हणून फारसं कोणी आठवत नाही, कारण पुढच्याच वर्षी ते गेले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारी आधार दिला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे मुख्य कृष्णशास्त्री चिपळूणकर झाले. १८७० मध्ये पुण्यात स्त्रियांसाठी वेगळं ट्रेनिंग कॉलेज निघालं. त्याच्या चार वर्षं आधी मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात येऊन मुलींच्या शाळांना बायका शिक्षक हव्यात असं सगळीकडे सांगून गेली होती. त्याहून वीसेक वर्षं आधी सावित्रीबाई फुले याच मार्गाने शिकल्या होत्या, नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. हे सारं सर्वपरिचित आहे, म्हणून त्यावर रेंगाळत नाही.

मला रेंगाळायचं आहे ग्लासगोपाशी. तिथे डेव्हिड स्टो या व्यापाऱ्याने १८३७ मध्ये शिक्षकांसाठी 'नॉर्मल सेमिनरी' बांधली. तिथे होतकरू शिक्षक चढत्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलांना पाठ देई. बाजूला त्याचे गुरू आणि सारे सोबती बसून टिपणं घेत. मग मुलांना बाहेर पाठवत आणि पाठावर टीका सुरू होई. आधी सोबती बोलत, शेवटी गुरू. इंग्रजी ट्रेनिंग कॉलेजांनी ही पद्धत उचलली, 'क्रिटिसिझम लेसन' म्हणून ती रुजली, आणि त्याच नावाने आपल्या बी.टी. कॉलेजांत आली. मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ चं, पुण्याचं टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ चं. अशा संस्थांतून शिकून बाहेर पडलेले लोक पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अध्यापक विद्यालयांत शिकवायला गेले आणि आपल्याबरोबर ही पद्धत घेऊन गेले.

स्टोच्या पद्धतीतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. टीका पाठ झाल्यावर होते. मुलं निघून गेलेली असतात, फळा भरलेला असतो, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि ती टीका ऐकायला वरचा माणूस हजर असतो. म्हणजे सोबती बोलतो ते सोबत्याशी की गुरूशी, हे त्यालाही नीट माहीत नसतं.

वरचा माणूस ऐकत असला की बोलणं कसं होतं, याचं आपल्याकडे एक छापील उदाहरण आहे. शिक्षण खात्याने १८६१ पासून 'मराठी शालापत्रक' नावाचं मासिक चालवलं. गावोगावच्या शाळामास्तरांनी वाचावं, त्यांच्या कामाला उपयोग व्हावा, हा हेतू. कृष्णशास्त्री त्याचे संपादक होते, १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ते पाहू लागले. विष्णुशास्त्र्यांची लेखणी कुणाला भ्यायची नाही. ती खात्याच्या अंगाशी आली तेव्हा १८७५ मध्ये पत्रकच बंद झालं. खात्याच्या छपराखाली मास्तरांनी आपसात बोलावं, पण ते खात्याला रुचेल इतपतच, हा धडा तेव्हाच सगळ्यांना मिळाला असणार.

खात्याच्या छपराबाहेरून बोलणारे होते जोतीराव फुले. १८८२ च्या हंटर कमिशनपुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतल्या मास्तरांवर स्पष्ट लिहिलं आहे : बहुतेक सगळे ब्राह्मण, ट्रेनिंग कॉलेजातून आलेले थोडेच, बाकीचे अप्रशिक्षित मास्तर, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, ट्रेन केलेले असावेत, त्यांना बरा पगार द्यावा, असं त्यांनी मागितलं. ट्रेनिंग कॉलेजात कोण बसतो यावर तिथे कोण कोणाला काय बोलू शकतो हे ठरतं. जोतीरावांनी मागितलेला बदल व्हायला पुढे पाऊणशे वर्षं लागली. माझ्या डी.एड.च्या वर्गात तो झालेला होता. शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या, गवंड्यांच्या घरातली मुलंमुली तिथे होती. आमच्या खानापूर तालुक्यातल्या तर कितीतरी. घरात पहिल्यांदाच कोणी 'ट्रेंड' होणार होतं. तोवर आमच्या गावात 'सेकंड इयर ट्रेंड मास्तर' अशी ओळख असलेले गुरुजी होते आणि त्यांच्या पगाराची चर्चा पारावर चाले.

हा वर्ग आला तेव्हा निरीक्षणाची वही बदलली नाही. तिच्या सूचनेच्या रकान्यात मात्र एक वाक्य वाढलं : 'उच्चार शुद्ध असावेत.' मी शिकवायला लागल्यावर हे वाक्य कोणाच्या वाट्याला येतं ते पाहू लागले. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाच्या वाट्याला. 'लोणी'चं 'लोनी' करणाऱ्या मुलीच्या. सीमेकडून आलेल्या, मराठीत कन्नडचा हेल असलेल्या पोरीच्या. आणि लिहिणारे सोबतीही बहुतेक घरी 'पानी'च म्हणणारे. त्यांना कॉलेजात कोणीतरी तसं लिहिलं होतं, म्हणून ते पुढच्याला लिहीत होते. वर्गातल्या पाचवीच्या पोरांना 'पानी' व्यवस्थित समजत होतं; पण वहीत पोरांना काय समजलं हा रकानाच नव्हता.

चुकीचं शिकवलेलं मात्र कोणाच्या नजरेला येत नसे. एका सराव पाठात एका छात्राध्यापकाने ऋतू कसे होतात ते शिकवलं. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. सुरेख चार्ट, लंबवर्तुळ, पिवळा सूर्य. मागच्या बाकावरच्या सोबत्यांच्या वह्या मी संध्याकाळी पाहिल्या. 'साधन आकर्षक.' 'चार्टचा वापर योग्य वेळी.' 'आवाज थोडा मोठा हवा.' पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आणि त्या दिवसांत आपण सांगलीत स्वेटर घालून फिरतो, हे कोणालाही लिहावंसं वाटलं नव्हतं. हर्बार्टच्या शिष्यांनी घालून दिलेल्या पंचपदीत प्रस्तावनेपासून उपयोजनापर्यंत सगळ्या पायऱ्या चढल्या होत्या ना, मग झालं! नव्वदीच्या दशकात बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन पद्धती' आली ती याच दुखण्यावरचं औषध म्हणून. औषध चांगलं होतं. त्याचीही एक वही निघाली.

मुलं खोटं लिहीत होती का? मला तसं वाटत नाही. ती हिशेबी होती. सोबत्याच्या वहीवर मास्तरांची सही होणार, तीच वही सोबत्याच्या गुणांशेजारी ठेवली जाणार. आज मी तुझा दोष लिहिला तर परवा माझा पाठ आहे. जास्त गोड लिहिलं तर मास्तर म्हणणार, याला निरीक्षण करता येत नाही. तेव्हा दुखणार नाही आणि रकाना रिकामाही राहणार नाही असा दोष शोधायचा. आवाजाइतका सोयीचा दोष दुसरा नाही. बऱ्याच वह्या तर सादर करायच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीच्या सिनियरच्या वहीवरून उतरवल्या जात, फक्त नावं आणि घटक बदलून. ही चाल मी एकाही संस्थेत नसलेली पाहिली नाही.

खरा अभिप्राय दुसरीकडे मिळत होता आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आमच्या होस्टेलच्या खोलीत पाठाच्या आदल्या रात्री गुंडाळी फळा जमिनीवर पसरलेला असे. एकजण कार्डशीट कापतेय, एकजण खादीफलकाला चिकटवायची चित्रं तयार करतेय, आणि जिचा पाठ आहे ती टाचण मोठ्याने वाचतेय. मधूनच कोणी म्हणे, "हा प्रश्न विचारलास तर पोरं नुसती 'हो बाई' म्हणतील आणि गप्प बसतील." किंवा, "प्रस्तावनेला एवढी गोष्ट सांगितलीस तर घंटा होईल आणि कविता राहील." आटपाडीकडची एक मैत्रीण होती, तिला वर्गात बोलायला लावलं तर तोंडातून शब्द फुटत नसे, खोलीत मात्र तिच्याइतकं नेमकं कोणी बोलत नव्हतं. "तू पोरांना काय येतंय ते इचारतच न्हाईस, तुला काय येतंय तेच सांगतीस." शिक्षणशास्त्राच्या किती तरी जाड ग्रंथांतून मला पुढे हेच वाचायला मिळालं. या बोलण्याला गुण नव्हते, ऐकायला मास्तर नव्हते, आणि मुख्य म्हणजे पाठ अजून व्हायचा होता. प्रश्न बदलता येत होता. रात्री अकराला खोडरबर निघे आणि टाचण दुरुस्त होई.

पाठाच्या आधी बोलणं आणि पाठाच्या नंतर बोलणं यांत काय फरक आहे, ते मला या खोलीत कळलं. पुढचं सगळं मी त्याच मापाने मोजत आले.

सत्तरीच्या दशकात सूक्ष्म अध्यापन आलं आणि मापाला अनपेक्षित पुरावा मिळाला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र बसवलं. पाच-दहा मिनिटांचा पाठ, थोडीच मुलं, एकच कौशल्य. त्यांच्याकडे व्हिडिओ होता. शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं पडद्यावर पाहता येई. आपल्याकडे बडोद्याचं शिक्षणातील प्रगत अभ्यासकेंद्र, इंदूरचे बी. के. पासी, एन.सी.ई.आर.टी. यांनी ते भारतीय परिस्थितीला बसवलं. भारतीय परिस्थिती म्हणजे काय, तर व्हिडिओ नाही आणि सहा मिनिटांसाठी शाळेतली मुलं कोणी देत नाही. म्हणून मुलांच्या जागी सोबती बसले आणि कॅमेऱ्याच्या जागीही सोबतीच बसले. सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे अभिप्राय, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनरध्यापन, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटं. पैशाअभावी केलेली ही तडजोड, पण तिच्यामुळे सोबत्याचा अभिप्राय आपल्या पद्धतीच्या मध्यभागी आला.

तो देखावा ज्याने पाहिला नाही त्याने काहीतरी गमावलंय. जाड मिशांचा, दोन मुलांचा बाप असलेला छात्राध्यापक पाचवीतला विद्यार्थी होऊन बसलेला असे आणि "सांग बाळ, पानाचा रंग कोणता?" या प्रश्नाला हात वर करून "हिरवा, बाई" म्हणे. बाजूला दोघेजण निरीक्षण तक्त्यावर उभ्या रेघा मारत बसलेले. प्रबलन म्हणजे शाबासकी किती वेळा दिली, चेतक बदल म्हणजे लक्ष टिकवायला आवाज-हालचालीतला बदल किती वेळा केला. मिशीवाला बाळ मुद्दाम चुकीचं उत्तर देई, कारण मागच्या पाठात त्याला कोणीतरी तसंच छळलेलं असे.

हसण्यावारी नेलं तरी या तंत्रात एक गोष्ट होती जी स्टोच्या पद्धतीत नव्हती : पुन्हा शिकवायची संधी. सोबत्याने सांगितलं, बारा मिनिटांत बदललं, परत करून पाहिलं. "तू 'शाबास' दर वाक्याला म्हणतोस, त्याची किंमत जाते," असं ऐकल्यावर दुसऱ्या फेरीत तोच छात्राध्यापक मोजून दोनदा 'शाबास' म्हणताना मी पाहिला आहे. पण कॉलेजची तासिका पंचेचाळीस मिनिटांची आणि वर्गात शंभर मुलं. सगळ्यात आधी कात्री लागली ती पुनरध्यापनाला. रेघा मारायचे तक्ते राहिले, परत शिकवणं कागदावर गेलं. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षण शाळांपासून आणि विद्यापीठापासून तुटलं असल्याची तक्रार केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. तुटण्याची ही दुसरी जागा, बोलणं आणि करून पाहणं यांमधली, त्यांना दिसली असती तर आवडलं असतं.

नोकरीतल्या शिक्षकांबद्दल थोडक्यात. प्राथमिक शाळांच्या गटसंमेलनात एक गुरुजी आदर्श पाठ घेत, मग चर्चा होई, मग यजमान शाळेचं जेवण. चर्चा जेवणाच्या वासाने लवकर आटोपत असे, याबद्दल मी कोणाला नावं ठेवणार नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाल्यावर सेवेतल्या शिक्षकांना दूरशिक्षणाने बी.एड. करता येऊ लागलं, आणि त्यांच्या संपर्कसत्रांत मला पहिल्यांदा मोकळी टीका ऐकायला मिळाली. त्यांची नोकरी पक्की होती. पंधरा वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेला माणूस दुसऱ्याला सरळ सांगतो, "हे चौथीला चालत नाही, मी करून पाहिलंय."

मग मार्च २०२० आला. शाळा बंद, सराव शाळाही बंद. मी निवृत्त होते, पण एका कॉलेजने ऑनलाइन तासांना बोलावलं आणि मी गेले. म्हणजे घरातच बसले. सराव पाठ गुगल मीटवर सुरू झाले. मुलं नाहीत म्हणून सोबतीच पुन्हा पाचवीचे विद्यार्थी झाले. सूक्ष्म अध्यापनाची जुनी सोंगं पडद्यावर परतली. पाठ सुरू झाला की चॅटमध्ये पहिलं वाक्य येई : 'सर, आवाज येत नाही.' इतक्या वर्षांत ही सूचना पहिल्यांदाच शंभर टक्के खरी होती. पाठ संपल्यावर 'खूप छान सर', 'नाइस लेसन मॅडम', टाळ्यांची चित्रं. हजेरी चॅटवरून घेतली जात होती, तेव्हा हे अभिप्राय म्हणजे एका अर्थी 'हजर बाई'च.

पुढच्या महिन्यांत तीन प्रकार झाले आणि ते मी जवळून पाहिले. पहिला, नाव दिसणारा गुगल फॉर्म, ज्याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार होते. त्यात जुनी वही जशीच्या तशी उतरली. दुसरा, नाव न दिसणारा फॉर्म. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याचा आग्रह होता की नाव झाकलं की मुलं खरं बोलतील. बोलली. 'मागे भिंतीचा रंग उडालेला दिसतो.' 'मागून कोंबडा आरवत होता, वातावरणनिर्मिती योग्य नाही.' 'साडी पाठाला साजेशी नव्हती.' होस्टेलमध्ये किंवा वर्गात कोणाचं घर दिसत नसे. आता ते कॅमेऱ्यात आलं होतं आणि बिननावाच्या अभिप्रायाने त्याचंच निरीक्षण केलं. एका मुलीने नंतर कॅमेरा उघडणंच सोडलं. तो फॉर्म आम्ही थांबवला.

तिसरा प्रकार अपघातानेच झाला. पाचपाच जणांच्या गटाने एक पाठ टाचण सामायिक गुगल डॉकमध्ये लिहायचं होतं, आणि ते सादर करायच्या आधी समासात एकमेकांना टिपणं लिहायची होती. या टिपणांना गुण ठेवायचं आम्ही विसरलो. ती मी वाचत बसले. चौथीच्या अपूर्णांकांच्या टाचणात कोणीतरी इंटरनेटवरून पिझ्झ्याचं चित्र आणून चिकटवलं होतं. जत तालुक्यातली एक मुलगी, घरी कन्नड बोलणारी, ऑनलाइन तासाला कधीच माइक न उघडणारी, तिने समासात लिहिलं : 'आमच्या वाडीतल्या पोरांनी पिझ्झा बघितला नाही. भाकरी घ्या. पण भाकरीचे चार तुकडे केल्यावर ते सारखे होत नाहीत, तेव्हा पोरं म्हणतील हा मोठा आहे. मग तेच विचारा, सारखे नसतील तर पाव भाग म्हणता येईल का?' खाली दुसऱ्याने लिहिलं, 'मग कागदाची भाकरी करू, घडी घालून.' तिसऱ्याने, 'आधी खरी, मग कागदाची.' रात्री उशिरा, रेंज मिळेल तेव्हा, कोणाचं टिपण दुपारी, कोणाचं पहाटे. टाचण तीनदा बदललं. समान भागांची अट अपूर्णांकात किती कळीची असते ते या तिघांनी आपापसात काढलं होतं. त्या मुलीच्या उच्चारांवर कोणी काही लिहिण्याचा प्रश्न आला नाही, कारण ती लिहीत होती.

कीथ टॉपिंग या डंडीच्या अभ्यासकाने १९९८ मध्ये उच्च शिक्षणातल्या समवयस्क-मूल्यमापनावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला होता. सोबत्यांचं मूल्यमापन बऱ्याच ठिकाणी पुरेसं विश्वासार्ह ठरतं, असं त्यात दिसतं. माझा त्यावर अविश्वास नाही. पण सोबत्याने दिलेला गुण शिक्षकाच्या गुणाशी जुळतो का, हा मूल्यमापनाचा प्रश्न झाला. भाकरी घ्यायची की पिझ्झा, याला गुण लागत नाही. ज्यांना 'अभिवृत्ती' मोजायची आहे त्यांच्या प्रश्नावलीत 'तुम्हाला सोबत्यांचा अभिप्राय उपयुक्त वाटतो का?' असा सरसकट प्रश्न असतो. कुठला अभिप्राय? पाठाआधीचा की नंतरचा? गुण असलेला की नसलेला? कॅमेऱ्यात घर दिसत असताना दिलेला की समासात लिहिलेला? एकाच मुलीने या प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं असतं, आणि सगळी खरी.

आता वर्ग पुन्हा भरतात. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, शाळेतला छात्रसेवाकाल लांबवला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे ठेवला. वेळ वाढला ही चांगली गोष्ट. पुनरध्यापनाला जागा मिळू शकते. सहकाऱ्यांच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं, की समासातली टिपणं ठेवा, पाठाआधी ठेवा, आणि त्यांना गुण देऊ नका. सगळ्यांना पटलं. मग कोणीतरी विचारलं की गुण नसतील तर मुलं करतील कशाला, आणि पाहणी समितीला दाखवायचं काय. रीतसर फॉर्म तयार झाला. 'समवयस्क अभिप्राय, पाच गुण.'

पहिल्या तुकडीचे फॉर्म मला तपासायला आले. जवळपास सगळ्यांना पाचपैकी पाच, एकदोघांना साडेचार. टाचणं सामायिक करून त्यावर समासात लिहिणं मुलांनी आपल्या व्हॉट्सॲप गटात चालू ठेवलं आहे, असं एकाच्या बोलण्यातून कळलं. त्या गटात प्राध्यापकांना घेतलेलं नाही.